खडकावर शहर वसवणारे मलिक अंबर, आणि माणसं व पाण्याचा हिशोब

लोकसंख्या हा शब्द आला की आपल्याकडे चर्चा लगेच माणसं मोजण्यावर येते. कोणाच्या घरात किती मुलं, कोण वाढलं, कोण कमी झालं. टीव्हीवर तर यापलीकडे कोणी जातच नाही. पण माणसं वाढली तर त्यांना पाणी कुठून आणायचं, आणि माणसं निघून गेली तर जमीन कोण कसणार, हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाने एकाच आयुष्यात हाताळले, तेही आपल्याच मराठवाड्यात, चारशे वर्षांपूर्वी. त्यांचं नाव मलिक अंबर. शाळेच्या पुस्तकात ते येतात ते गनिमी कावा आणि जहांगीर बादशाहाचा शत्रू म्हणून. त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही.

साधारण १५४८ च्या सुमारास हबश देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, एक मुलगा जन्मला. नाव चापू. घर गरीब. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागला. त्याला तांबडा समुद्र ओलांडून येमेनच्या मोखा बंदरात विकलं गेलं.  तिथून तो बगदादला गेला. मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला लिहा-वाचायला शिकवलं, तो मुसलमान झाला आणि त्याचं नाव अंबर पडलं. गुलामाच्या नशिबात मालक शिकवणारा निघणं ही फार दुर्मिळ गोष्ट. अंबरच्या बाबतीत ती घडली आणि तिचा फायदा दख्खनला झाला.

१५७० च्या दशकात अंबर अहमदनगरच्या निजामशाहीत पोहोचला. त्याला विकत घेणारा चंगेज खान हा निजामशाहीचा पेशवा, आणि तो स्वतःही हबशीच. त्या काळी दख्खनच्या दरबारात हबशी माणूस गुलाम म्हणून यायचा आणि सेनापती म्हणून मरायचा, असं बऱ्याचदा घडायचं. चंगेज खानाच्या हाताखाली अंबर राज्यकारभार शिकला: फौज कशी पोसतात, पैसा कुठून येतो, दरबारात कोण कोणाचा. १५७५ च्या आसपास चंगेज खान मेला आणि त्याच्या विधवेने अंबरला मोकळं केलं. पुढची वीस वर्षं भटकंतीची. काही काळ विजापूरच्या आदिलशाहीत नोकरी केली, तिथे मलिक हा किताब मिळाला. १५९५ मध्ये ते अहमदनगरला परतले तेव्हा त्यांच्यामागे थोडेच घोडेस्वार होते.

१६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. चांदबीबी मारल्या गेल्या होत्या, सुलतान कैदेत. राज्य संपलं असंच सगळ्यांना वाटलं. मलिक अंबर यांनी मात्र निजामशाही घराण्यातला एक वारस शोधून काढला, त्याला परांड्याला मुर्तजा निजामशाह म्हणून गादीवर बसवलं, आपली मुलगी त्याला दिली आणि स्वतः राज्याचे पेशवे झाले. पुढची पंचवीसएक वर्षं नाव निजामशाहाचं आणि कारभार अंबर यांचा. राजधानी परांड्याहून जुन्नरला, जुन्नरहून दौलताबादेकडे सरकत गेली.

इथे दौलताबादचा मागचा अनुभव लक्षात घ्यायला हवा. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीहून माणसं उचलून दौलताबादेत आणली. किल्ला अभेद्य होता, जागा मध्यवर्ती होती, पण आधी माणसं आली आणि त्यांच्या सोयीचा विचार नंतर. तो प्रयोग काही वर्षांतच आटोपला. किल्ल्यातला हत्ती हौद आजही पर्यटक बघतात. तो हौद मोठा आहे खरा, पण एक हौद म्हणजे राजधानीचं पाणी नव्हे. या भागाची जमीन सगळी काळ्या कातळाची. पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो, वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत थोडा मुरतो, बाकीचा नदीने वाहून जातो. खाम नदी उन्हाळ्यात नावापुरती उरते.

अशा ठिकाणी मलिक अंबर यांनी १६१० मध्ये शहर वसवायला घेतलं. जागेचं नाव खडकी. नावातच सगळं आलं. सरदारांना जागा दिल्या, वाडे उभे राहिले. मराठा सरदारांच्या नावाने पुरे वसले: खेळपुरा, मालपुरा, पारसपुरा, विठापुरा. १६१२ मध्ये मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून भडकल दरवाजा बांधला गेला. जामा मशिदीचं कामही त्याच सुमारास सुरू झालं, पुढे औरंगजेबाने ती वाढवली. नौखंडा महाल उभा राहिला. एक खेडं दहा-पंधरा वर्षांत राजधानी बनलं.

राजधानी म्हटलं की फौज आली. त्या काळच्या एका इंग्रज व्यापाऱ्याने अंबर यांच्या फौजेचा अंदाज दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी असा दिला आहे. सगळी फौज काही शहरात राहत नव्हती, पण तिच्यासोबत घोडे, बैल, हत्ती, लोहार, मोची, बाजारकरी, त्यांची बायकामुलं हे सगळं येतंच. एक घोडा दिवसाला माणसाच्या कितीतरी पट पाणी पितो, हे ज्याने घोडा पाळला त्याला सांगायला नको. विहिरी खणून हे भागणार नव्हतं. खडकात विहीर खणायची म्हणजे महिने जातात आणि पाणी लागेलच याची खात्री नाही.

मधेच १६१६ मध्ये मोगल फौज रोशनगावच्या लढाईत जिंकली आणि तिने खडकी लुटून जाळली. दुसऱ्या एखाद्याने जागा बदलली असती. अंबर परत आले आणि शहर पुन्हा बांधलं. जिला नहर-ए-अंबरी म्हणतात ती पाण्याची योजना याच वर्षांतली, १६१७ च्या आसपासची मानली जाते.

ही नहर काय होती ते नीट समजून घ्यायला हवं, कारण नहर म्हटलं की डोळ्यांसमोर उघडा कालवा येतो. ही जमिनीखालून जाते. शहराच्या उत्तरेला हर्सूल-सावंगीकडे डोंगराच्या पायथ्याशी जिथे मुरूम जाड आहे आणि पावसाचं पाणी मुरतं, तिथे खोल विहीर घेतली. त्या विहिरीच्या तळापासून शहराच्या दिशेने बोगदा काढला. बोगद्याला उतार अगदी बेताचा. जास्त उतार दिला तर पाणी जोरात धावतं आणि बांधकाम खातं, कमी दिला तर गाळ बसतो. ठराविक अंतरावर वरून उभ्या विहिरी पाडल्या, त्यातून खोदलेली माती बाहेर काढायची, आत हवा खेळती ठेवायची आणि पुढे गाळ काढायला माणूस उतरवायचा. वाटेत बोगद्याच्या भिंतींतून झिरपणारं पाणीही त्यात मिसळत जातं. शहराच्या जवळ आलं की ते हौदात पडायचं आणि तिथून खापराच्या नळांनी मोहल्ल्यांत, मशिदींच्या वुजूखान्यांत आणि सार्वजनिक हौदांत जायचं. पाण्याचा दाब सांभाळायला आणि नळातली हवा बाहेर जायला मधे मधे दगडी-विटांचे उंच खांब उभारलेले असत. जुन्या शहरात असे खांब बघितलेले लोक अजून आहेत.

पंप नाही, मोट नाही, बैल नाही. वरून झाकलेलं असल्यामुळे मे महिन्यातही पाणी उडून जात नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जमीन जेवढं देईल तेवढंच पाणी नहरीतून येतं. बोअरवेलने जसं आपण उद्याचं पाणी आज ओढून घेतो तसं इथे करताच येत नाही. पाऊस कमी झाला की धार बारीक होते आणि सगळ्या मोहल्ल्यांना ते एकदमच कळतं. माणसं किती आणि पाणी किती, याचा हिशोब कागदावर ठेवायची गरज नव्हती, तो हौदातल्या पातळीवर दिसायचा.

काही लोक सांगतात की अंबर यांनी हे तंत्र बगदादेत पाहिलं आणि इथे आणलं. पाहिलं असेलही. पण मला ते फार पटत नाही, कारण बिदरला बहमनी काळातला करेज आहे आणि तो खडकीच्या नहरीपेक्षा दीडेकशे वर्षांनी जुना. इराणकडून आलेले कारागीर दख्खनला नवे नव्हते. म्हणजे तंत्र इथे होतंच. अंबर यांनी केलं ते वेगळं: राजवाड्याच्या बागेसाठी नव्हे तर अख्ख्या वाढत्या शहरासाठी, आणि शहर पुरतं भरायच्या आधी, त्यांनी ते वापरलं. खडक फोडून पाणी येणार नाही असं म्हणणारे दरबारात होते, असं परंपरेने सांगितलं जातं. असणारच, नव्या कामाला असे लोक कायम असतात.

आता खेड्यांकडे या. तिथे प्रश्न अगदी उलटा होता. आज आपण जमीन कमी आणि तोंडं जास्त असं ऐकतो. सतराव्या शतकात जमीन भरपूर होती आणि कसायला हात नव्हते. लढाया, लूट, एखादा पाऊस चुकला की गावंच्या गावं उठून जायची. ओसाड गावातून ना धान्य मिळायचं, ना सारा, ना फौजेला माणूस. राजाच्या दृष्टीने रयत हीच खरी दौलत, आणि ती पायांनी चालणारी दौलत. जुलूम झाला की शेजारच्या राज्यात निघून जायची.

रयतेला पळवून लावणारी सगळ्यात मोठी पद्धत म्हणजे इजारा. सरकार एखाद्या भागाचा सारा लिलावात द्यायचं. जो जास्त बोली लावेल तो इजारदार. मग तो आपले पैसे एका-दोन वर्षांत वसूल करायला शेतकऱ्याला पिळून काढायचा, कारण पुढच्या वर्षी तो भाग त्याच्याकडे राहील याची हमी नव्हती. अंबर यांनी इजारा बंद केला. जमिनीची पाहणी करून तिची प्रत ठरवली, चांगली आणि हलकी जमीन वेगळी केली, काही वर्षांच्या पिकाची सरासरी काढली. सुरुवातीला धान्याच्या रूपात सुमारे दोन पंचमांश हिस्सा घेतला, नंतर तो रोख केला आणि पिकाच्या किमतीच्या साधारण एक तृतीयांशावर आणला. सारा त्या वर्षी प्रत्यक्ष लागवड किती झाली त्यावर. वसुलीत पाटलासारख्या वतनदारांचं स्थान कायम ठेवलं. गावाची सामाईक जमीन, गायरान, सामाईकच राहिली.

एक तृतीयांश हा आजच्या माणसाला जास्त वाटेल. पण फरक आकड्यापेक्षा भरवशात होता. किती द्यायचं आहे हे शेतकऱ्याला पेरणीच्या वेळीच माहीत असलं की तो पेरतो. नाहीतर पेरून काय उपयोग? सतत युद्ध चालू असतानाही अंबर यांच्या मुलुखात शेती उभी राहिली आणि एवढी फौज पोसली गेली, यामागे हा भरवसा आहे असं इतिहासकार मानतात. पुढे पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी ओसाड गावं पुन्हा वसवताना अंबर यांच्याच पद्धतीचा आधार घेतला, असं सांगितलं जातं. मलिकंबरी धारा हा शब्द महसुलाच्या कागदांत त्यांच्यानंतरही बराच काळ चालत राहिला.

१६१७ मध्ये पीटर वान डेन ब्रोके नावाचा डच व्यापारी अंबर यांना भेटला. उंच, धिप्पाड, दरारा असलेला माणूस असं त्याने त्यांचं वर्णन करून ठेवलं. चापू हे मूळ नाव आपल्याला कळलं ते त्याच्याच लिखाणातून. जहांगीर बादशाहाला मात्र अंबर इतके खुपायचे की त्याने एक चित्र काढून घेतलं. त्यात भाल्याच्या टोकावर अंबर यांचं तोडलेलं मुंडकं आहे आणि बादशाह त्यावर बाण सोडतोय. प्रत्यक्षात हे कधीच झालं नाही. बादशाहाला ते फक्त कागदावरच जमलं.

युद्धातही अंबर यांनी जमिनीचा आणि पाण्याचा वापर केला. मोठ्या फौजेशी समोरासमोर भिडायचं नाही, तिचं रसदपाणी तोडायचं. मोगलांचा लष्करी तळ म्हणजे एक चालतं-फिरतं शहरच असे. त्याला रोज धान्य, चारा, पाणी लागणार. ते बंद केलं की लाखाची फौजही आपोआप वितळते. यालाच बर्गीगिरी म्हणत. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा एकत्र आल्या तेव्हा अंबर यांनी तिथल्या तलावाचं पाणी सोडलं. शत्रूच्या तळावर चिखल झाला, तोफा-गाड्या अडकल्या, आणि वरून मराठा-हबशी स्वारांचे छापे. या लढाईत शहाजीराजे अंबर यांच्या बाजूने लढले, आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच कामी आले. ज्यांना आज मराठा विरुद्ध मुसलमान एवढंच दिसतं त्यांनी भातवडीला एकदा जाऊन यावं, अहमदनगरपासून फार लांब नाही.

१६२१ मध्ये खडकीवर पुन्हा मोगलांची धाड आली आणि शहर पुन्हा उद्ध्वस्त झालं. पण जमिनीखालची नहर जाळता येत नाही. लोक परत आले.

१६२६ च्या मे महिन्यात मलिक अंबर वारले. वय ऐंशीच्या घरात. त्यांना खुलदाबादेत, हजरत जर जरी जर बक्ष रहमतुल्लाह अलैह यांच्या दर्गाहच्या परिसराजवळ, स्वतःच्या मकबऱ्यात दफन केलं गेलं. त्यांच्या पत्नी बीबी करीमा यांची कबरही जवळच आहे. मुलगा फत्तेखान गादीचा पेशवा झाला, शहराचं नाव फत्तेनगर ठेवलं, पण बापाची कुवत त्याच्यात नव्हती. १६३० पासून दोन-तीन वर्षं दख्खन आणि गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला. पाऊस नाही, त्यात मोगलांच्या फौजा मुलुखात, धान्य होतं तेही लष्कराने खाल्लं. माणसं मेली, उरलेली परागंदा झाली. १६३३ मध्ये दौलताबाद पडलं, तीन वर्षांत निजामशाही संपली. दुष्काळात किती माणसं हा प्रश्न नव्हताच, रयतेच्या तोंडचा घास कोणी पळवला हा होता.

१६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार झाला आणि शहर औरंगाबाद झालं. त्याला जी दख्खन मिळाली तिच्यात गावं ओसाड आणि खजिना रिकामा. त्याचा दिवाण मुर्शिद कुली खान याने शेतकऱ्यांना बी-बैलासाठी तगाई दिली, जमीन मोजली, उजाड गावं पुन्हा वसवली. म्हणजे ज्या अंबर यांच्याशी मोगल पंचवीस वर्षं लढले, त्यांच्याच वाटेने मोगलांना जावं लागलं.

शहरातही तेच. औरंगजेबाच्या काळात औरंगाबादची वस्ती प्रचंड वाढली, बावन्न दरवाजांचं शहर ही ओळख त्या भरभराटीतली. माणसं वाढली तशा नव्या नहरी आल्या: थत्ते नहर, बेगमपुऱ्याची नहर, पुढे अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्गाहकडे जाणारी पाणचक्कीची नहर. त्या पाण्यावर पीठ दळून मुसाफिरांची आणि गरिबांची सोय व्हायची. दीडशे वर्षांत अशा डझनभर नहरी झाल्या. पहिलीचा नमुना समोर होता म्हणून पुढच्या जमल्या.

मग निजामाची राजधानी हैदराबादला गेली आणि शहर ओसरलं. १९०१ च्या जनगणनेत छावणी धरूनही इथे चाळीस हजारांपेक्षा कमी लोक होते. नहरींना तेवढी माणसं सहज पेलत होती. २०११ च्या जनगणनेत हा आकडा पावणेबारा लाखांच्या पुढे गेला. एवढ्या लोकांना नहरी पुरणार नाहीत हे उघड आहे आणि तसा दावा कोणी करूही नये. पाणी आता पैठणच्या जायकवाडी धरणातून येतं, पन्नासेक किलोमीटरवरून, चढावर, पंपाने, विजेच्या खर्चाने. आणि नावाला छत्रपती संभाजीनगर झालेल्या या शहरात कित्येक वस्त्यांना नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने मिळतं. घराघरांत ड्रम भरून ठेवलेले. रमजानात सहरीच्या आधी टँकरची वाट बघणारे मोहल्ले या शहराला नवे नाहीत. आणि एकाच शहरात एकीकडे गाडी धुवायला पाणी असतं, दुसरीकडे वुजूला नसतं. त्याला जन्मदराचा आकडा जबाबदार आहे असं म्हणणाऱ्यांनी पाइपलाइनचा नकाशाही सोबत आणावा.

नहर-ए-अंबरीचं पुढे काय झालं? काही भाग बांधकामांखाली गेला, काही उभ्या विहिरी कचऱ्याने भरल्या, कुठे सांडपाणी शिरलं. वर बोअरवेल वाढल्या तसं भूजल बोगद्याच्याही खाली गेलं, आणि जिथून झिरपायचं तिथलंच पाणी संपलं की नहर कोरडी पडणार. तरी पावसाळा चांगला झाला की जुन्या भागात काही ठिकाणी तिच्यात अजून पाणी दिसतं. हर्सूलकडून शहराकडे येताना झाडीत, एखाद्या शेताच्या बांधावर किंवा घराच्या कंपाउंडला लागून जुन्या बांधणीची गोल तोंडं दिसली, तर त्यात डोकावून बघा आणि मुलांनाही दाखवा. फक्त कडेला सांभाळून, आत खोल आहे.